उलटी गाठ

गावात मला लोक करवत म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी कोणाची टाप नाही. पण मागून म्हणतात आणि मला कळतं, कारण गाव केवढं, वरच्या गल्लीत शिंकलं की धक्क्यावरचा माणूस विचारतो, सर्दी झाली का. करवत तर करवत. चाळीसहून जास्त वर्षं जाळी दुरुस्त करतेय, गोड बोलून एकही भोक बुजलेलं मी पाहिलं नाही.

तर ही गोष्ट माझ्या चुकीची आहे. मी चुकले असं मी सहसा म्हणत नाही, तेव्हा नीट ऐकून घ्या, परत सांगणार नाही.

झालं असं, की आमच्या थोरलीने गावात दोन दिवसांचा मेळा भरवायचं काढलं. थोरली म्हणजे माझी मोठी मुलगी. गावातल्याच शाळेत शिकवते, चाळिशीला आलीय. शनिवार-रविवार, 'कला आणि वारसा', असा भला मोठा फलकच तिने रंगवून घेतला. आमच्या ह्यांनी तो दारात उभा केलेला वाचला आणि विचारलं, "वारसा म्हणतेस, मग गेलं कोण?" हे जन्मभर होडीवर होते, आता गुडघ्यांमुळे घरी असतात आणि बसल्या जागी असली मुक्ताफळं उधळतात.

"बाबा, वारसा म्हणजे नुसतं घरदार नव्हे," थोरली म्हणाली. "आपण पिढ्यान् पिढ्या जे करत आलो, ते."

"करतोय अजून. आम्हाला आधीच मारू नका म्हणजे झालं."

मीही हसले, पण तिने हा खटाटोप कशासाठी मांडला ते मला ठाऊक होतं. आमच्या माडीसाठी. धक्क्याला लागून बर्फाचा कारखाना आहे. त्याच्यावर ही लांबच लांब माडी, तिथे आम्ही जाळी दुरुस्त करतो. खाली बर्फ, त्यामुळे फरशी बारा महिने गार. उन्हाळ्यात स्वर्ग, थंडीत दोन मोजे चढवल्याशिवाय पाय टेकवत नाही. तुळयांना हुक, हुकांना जाळी टांगलेली, समुद्राच्या बाजूला सात खिडक्या. माझ्या आईच्या वेळी तिथे तीस बायका बसायच्या. आता चार उरलोय. मी, माझी धाकटी जाऊ, आणि दोघी सख्ख्या बहिणी, ज्या एकमेकींशी बोलत नाहीत पण एकाच जाळ्यावर बसतात. चौघींची वयं मिळून अडीचशेच्या वर जातील.

बंदर कचेरीला माडी गोदामासाठी हवी होती. कचेरीत नव्या अधिकारी बाई आल्या होत्या, थोरलीच्याच वयाच्या, बोलायला सरळ. एकदा जिना चढून आल्या, सगळं फिरून पाहिलं, जाळ्याला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही चौघी आहात तोवर ठीक. पुढे कोण? तुमच्या हाताखाली शिकलेलं एक माणूस मला दाखवा, मी माडीला हात लावणार नाही."

"एकच?"

"एकच. पण शिकलेलं हवं. नावांची यादी नको. नावं काय, लोक चहा मिळतो म्हणूनही लिहून देतात."

बाईंना काय कल्पना, त्यांनी नेमकं दुखऱ्या दातावर बोट ठेवलं होतं. माझ्या हाताखाली आजवर एकही माणूस शिकलेलं नव्हतं. बाकीच्या तिघी आपापल्या माहेरून शिकून आलेल्या, शिकवायचं काम मात्र पहिल्यापासून माझ्याकडे.

कोणी आलंच नाही असं नाही हं. शेजारणी आल्या, भाच्या आल्या, धाकटी सूनही चार दिवस येऊन गेली. मी प्रत्येकीला शेजारी बसवलं, आईने मला बसवलं होतं तसं, खांद्याला खांदा लावून. आई करायची, मी बघायचे, आठ दिवसांत माझा हात बसला होता. पण ह्या पोरींच्या हातांत काय भरलं होतं कोण जाणे. गाठ मारायच्या आणि ओढली की सुटायची. दहादा सांगा, दहादा सुटायची. मग माझं डोकं फिरायचं आणि ती बाई जिन्याने खाली. थोरलीही त्यातलीच. बारा वर्षांची असताना शाळेची अख्खी सुट्टी ती माझ्या शेजारी बसली होती. एक दिवस सगळ्या बायकांसमोर मी म्हणाले, "तुझ्या मनगटांना हात नाहीतच, दोन वल्ही बसवलीयत." बायका खो खो हसल्या. तिने हातातली सुई खिडकीत ठेवली, उठली आणि परत म्हणून माडीवर आली नाही. पुढे शिकली, बाई झाली शाळेत, संसार थाटला. मीही मनातल्या मनात म्हटलं, बरंच झालं, जाळ्यात काय ठेवलंय. पण माडी जायची वेळ आली, तेव्हा धावून आली ती हीच.

"दोन दिवस बाहेरगावची माणसं येतील," ती म्हणाली. "त्यांना माडीवर पाठवते. तू दाखव. त्यात एकाला तरी जमेलच. रविवारी चार वाजता बाई येणार आहेत. अख्खं जाळं नको आई, एक ओळ. ओढली तरी सुटणार नाही अशी एक ओळ."

"आणि नाही जमलं तर?"

"तर सोमवारी गोदाम." आणि ती फलकाला दोरी बांधायला निघून गेली.

शनिवारी गाव ओळखू येत नव्हतं. धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधून त्यांवर जुने फोटो चिमट्यांनी लावले होते. एका फोटोत आमचे हे, तिशीतले, होडीच्या काठाला टेकून डोळे मिटलेले, आणि खाली लिहिलेलं, 'समुद्राशी संवाद'. हे दिवसभर त्या फोटोजवळ खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले की संवाद-बिंवाद काही नाही, झोप लागली होती. चित्रकार रस्त्यात चित्रं काढत होते. एकाने आमची मांजर काढली, ती मांजरापेक्षा बरी दिसत होती. लाउडस्पीकरवर थोरलीचा आवाज, अमुक इथे आहे, तमुक तिथे आहे, मुलांना पाण्याच्या कडेला सोडू नका. चार बस भरून माणसं आली होती. एवढी माणसं मी आमच्या गावात लग्नालाही पाहिली नाहीत.

आणि त्यातली निम्मी तरी माडीवर आली. थोरलीने शाळेतला लांब बाक आणून ठेवला होता. मी बाकावर मधोमध, माझ्या दोन्ही बाजूंना एकेक शिकणारा. एकाचं झालं की दुसरा. मी सांगत होते, "डोळा म्हणजे जाळ्यातलं हे एकेक घर. वरच्या डोळ्यातून सुई काढा. अंगठ्याने दाबून धरा. आता दोरा उजवीकडे भिरकावा, अहो उजवीकडे, सुई मागून न्या, वळशातून बाहेर काढा, ओढा." ते ओढायचे. गाठ सुळकन सरकायची. पुन्हा ओढायचे, पुन्हा सुळकन.

काय काय माणसं येऊन गेली. एक शिंपी आला, नाही जमलं. घड्याळं दुरुस्त करणारा आला, इतकी नाजूक बोटं, त्यालाही नाही जमलं. दुपारी इस्पितळातली एक नर्स बसली, म्हणाली, "मावशी, काळजी नको, मी माणसांना टाके घालते." तिच्या दहाच्या दहा गाठी सुटल्या. म्हटलं, "तुमचे पेशंट जिवंत आहेत ना?" ती बिचारी हसली, पण तिच्यामागे उभी असलेली तीन माणसं हळूच जिना उतरून गेली.

जाऊ पलीकडे आपलं जाळं विणत होती. ती गोड बोलण्याबद्दल गावात प्रसिद्ध आहे, म्हणून मी तिचं फारसं ऐकत नाही. ती म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या गाठीचं तोंड पहिल्यापासूनच जरा भलतीकडे असतं, नाही का?"

"तू तुझं तोंड बघ," मी म्हणाले.

संध्याकाळपर्यंत माझ्या हाताखालून सत्तरएक माणसं गेली असतील. जमलं एकालाही नाही. आणि दिवसभर ओरडून ओरडून माझा घसा असा बसला, की घरी आल्यावर "पाणी द्या" म्हटलं तर ह्यांनी विचारलं, "कोण फुसफुसतंय?"

मी मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होते तेव्हा थोरली आली. पायातल्या चपलाही काढल्या नाहीत, दारातल्या स्टुलावर तशीच बसली. "एकही नाही?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने चेहरा दोन्ही हातांनी चोळला. "उद्या जरा कमी बोल, आई," एवढंच म्हणाली. तशीही मी बोलणार कशाने होते. पण ती गेल्यावर मला खरंच भीती वाटली. त्या माडीवर मी आईच्या शेजारी बसले, तिथल्या खिडकीतून ह्यांची होडी परत येताना पाहिली, माझी अर्धी भांडणं तिथे झाली. ती नसेल तर मी सकाळी उठून जायचं कुठे? ह्यांच्या शेजारी खुर्ची टाकून?

रविवारी माडीवर आले तर बाक गायब. धक्क्यावरच्या बँडवाल्यांना बसायला जागा कमी पडली म्हणून कोणीतरी उचलून नेला होता. थोरलीने त्याच्या बदल्यात घडीच्या खुर्च्या पाठवल्या, त्या लावणाऱ्याने शाळेच्या कार्यक्रमाला लावतात तशा लावल्या, तीन रांगा, आणि समोर माझी एकटीची खुर्ची. मला ते मुळीच आवडलं नाही. शेजारी बसल्याशिवाय शिकवतात कसं? पण बोलायला आवाज नव्हता आणि हातवारे करून भांडता येत नाही, मी करून पाहिलं. मग खाली बसले, आणि समोरच्या रांगेतल्या माणसांना दोरा गुंडाळलेल्या चपट्या सुया वाटून, वर आडव्या टांगलेल्या काठीला जाळ्याचा एकेक तुकडा अडकवून, गुपचूप कामाला लागले. सांगता येत नव्हतं, म्हणून नुसतं करत राहिले. सुई वर, अंगठा, भिरकाव, मागून, ओढ.

पहिल्या रांगेत कडेला बसचा ड्रायव्हर बसला होता. पोट चांगलं सुटलेलं, डोळे झोपेने जड. सावलीत टेकायला म्हणून आला होता, तसं त्याने येताच सांगितलंही. सुई हातात आली म्हणून त्यानेही चाळा सुरू केला. अर्ध्या तासाने म्हणाला, "आजी, हे असंच ना?"

आजी म्हटल्याबद्दल त्याला ऐकवायचं राहूनच गेलं, कारण मी त्याच्या हातातला तुकडा घेतला आणि ओढला. सुटेना. दोन्ही हातांनी ओढला. बोटं कापायला आली, पण गाठ जागची हलेना. त्याने अशा अकरा मारल्या होत्या.

मी उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि खूण केली, पुन्हा कर. त्याने केली. मी त्याच्याच बाजूने बघत होते आणि मला काही समजेना. हा तर सगळं उलटं करत होता. सुई उजव्या हातात. दोरा डावीकडे भिरकावत होता. मी काल दिवसभर "उजवीकडे" म्हणून घसा फोडला आणि हा गडी डावीकडे भिरकावतोय, आणि गाठ घट्ट. मी परत माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. समोरून बघितलं, तर तो हुबेहूब मी करते तसंच करत होता. आरशात बघावं तसं.

मग मी माझ्या हातांकडे पाहिलं. सुई माझ्या डाव्या हातात होती. ती नेहमीच डाव्या हातात असते, मी डावखुरी आहे. जेवताना, लिहिताना लहानपणी मारून-मुटकून उजवा हात वापरायला लावला, पण विणताना डावाच. माझी आईही डावखुरी होती. दोघी डावखुऱ्या, एकीच्या शेजारी दुसरी, म्हणून मला आठ दिवसांत आलं. आणि मी तिच्यासारखंच जगातल्या सगळ्या उजव्या माणसांना शेजारी बसवलं, माझं बघून तसंच करा म्हटलं, त्यांनी तसंच केलं, आणि उजव्या हाताने तसंच केलं की गाठ सुटते. त्यांना समोर बसवायला हवं होतं. बस, एवढंच. एवढ्याशासाठी मी चाळीस वर्षं माणसं जिन्यावरून खाली पाठवली.

हे नेमके तेव्हाच माझ्यासाठी डबा घेऊन जिना चढून आले होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि जेवढा आवाज निघाला तेवढ्यात सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तू डावखुरी आहेस हे मला लग्नापासून माहीत आहे. मला वाटलं, तुलाही माहीत असेल."

कोणी सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं.

मी समोरच्या सगळ्यांच्या गाठी ओढून पाहिल्या. सातांपैकी चौघांच्या पक्क्या होत्या. ड्रायव्हर उठला, म्हणाला, "चला, मला तीनला पहिली बस काढायचीय." मी त्याचा हात धरून घड्याळाकडे बोट दाखवलं, चार, चार वाजेपर्यंत थांब. तो म्हणाला, "आजी, चाळीस माणसं खोळंबतील. पण मी शिकलो हं." आणि आपला तुकडा काखेत मारून गेलासुद्धा. अकरा पक्क्या गाठी जिना उतरून गेल्या.

ज्यांच्या गाठी पक्क्या बसल्या त्यांतले तिघे अजून होते, त्यांच्यापैकी कोणालाही बसवून ओळ पुरी करून घेता आली असती. तासभर हातात होता, माणसं हौशी होती. जाऊ म्हणालीसुद्धा, "ह्या निळ्या शर्टवाल्याला घ्या, चलाख आहे." पण मी तोवर जिना उतरायला लागले होते.

थोरली धक्क्यावर होती, एका हातात माईक, दुसऱ्या हातात कागद, होड्यांच्या शर्यतीचा निकाल सांगत होती. मी तिचं मनगट धरलं. "आई, दोन मिनिटं," ती म्हणाली. मी सोडलं नाही. तिने माईक शाळेच्या शिपायाच्या हातात दिला आणि माझ्यामागे आली. फोटोंच्या दोऱ्यांखालून, चित्रकारांमधून, सगळं गाव बघत होतं की करवतीने आता कोणाला धरलंय. जिन्यापाशी ती थबकली. अठ्ठावीस वर्षांत ती त्या जिन्याच्या वर आली नव्हती. बाक पोचवायला आली तेव्हाही तिने तो खालूनच वर पाठवला होता. मग चढली.

मी तिला पहिल्या रांगेत, माझ्या बरोबर समोर बसवलं. तिच्या हातात सुई दिली. ती माझ्याकडे बघत राहिली. "आई, चेष्टा करतेस का? मला हे येत नाही, तुला माहीत आहे."

वल्ह्यांचं मी चारचौघांत बोलले होते. तेव्हा हेही चारचौघांतच बोलायला हवं होतं. मी बोलले, पण आवाज कुठला, नुसती हवा निघाली. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "काय म्हणाल्या?" आणि आमच्या जाऊने, जिला हा दिवस बघायला मिळेल असं स्वप्नातही वाटलं नसेल, सुई खाली ठेवून सात खिडक्या दणाणतील अशा आवाजात सांगितलं, "जाऊबाई म्हणतायत, चूक त्यांची होती. पोरीचे हात चांगले होते. ह्या डावखुऱ्या, आणि बसवलं मात्र शेजारी."

त्या दोघी बहिणी, एकमेकींशी न बोलणाऱ्या, त्यांनीही एकमेकींकडे बघितलं.

थोरलीने सुई मांडीवर ठेवली. मला वाटलं आता उठेल, आणि उठली असती तर मी अडवलं नसतं. मग ती हळूच म्हणाली, "मी शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा लावत नाही, आई. दर रविवारी बाबांना पिशवी आणून देते ना, त्यात बटणं तुटलेले कपडे असतात. ते लावून देतात. मला वाटायचं, माझ्या हातांनी होणारच नाही."

मी समजत होते, ती बापाला खाऊ आणते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मला इतकं वाईट वाटलं, की आता सांगतानाही वाटतंय. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तेवढ्याच बसक्या आवाजात म्हणाले, "माझ्याकडे बघ. ऐकू नको, नुसती बघ."

सुई वर, अंगठा, भिरकाव, मागून, ओढ. तिने केलं. ओढलं. सुटली नाही. तिला खरं वाटेना, तिने दातांनी ओढून पाहिली. दुसरी केली. तिसरीला गोंधळली, मी थांबले, तीही थांबली, परत सुरू केलं. पाचव्या गाठीनंतर ती माझ्याकडे बघेनाशी झाली. मान खाली, खालचा ओठ दातांत धरलेला. बारा वर्षांची होती तेव्हा असाच धरायची.

चार वाजता अधिकारी बाई आल्या. बुटांची वाळू जिन्यावरच झटकली, खुर्च्यांच्या मधून वाट काढत पुढे आल्या आणि उभ्या उभ्या थोरलीचं काम बघत राहिल्या. ओळ पुरी व्हायला चार गाठी बाकी होत्या. त्या थांबल्या. ओळ झाल्यावर त्यांनी तुकडा हातात घेतला, एका टोकाला पाय दिला आणि दोन्ही हातांनी असा खेचला की मलाच धसका बसला. एकही डोळा ढळला नाही. त्यांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला, उलटून पालटून पाहिला.

"मॅडम, तुम्ही तर शाळेत शिकवता," त्या थोरलीला म्हणाल्या. "हे कोणाकडे शिकलात?"

"आईकडे."

"कधीपासून?"

तासाभरापासून, असं ती म्हणाली असती तरी ते खरंच होतं. ती नुसती म्हणाली, "लहानपणापासून शिकवतेय मला. आज आलं."

बाई माझ्याकडे बघून हसल्या. "मावशी, माडी तुमचीच. पण हिला एकटीला ठेवू नका, आणखी घ्या." नर्स काल गाठी सुटूनही आज परत आली होती आणि दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने तिथूनच हात वर केला. निळ्या शर्टवाल्यानेही केला. जाऊने लगेच दोघांना विचारलं, येताना डबा आणाल ना, इथे काही मिळत नाही.

तेवढ्यात लाउडस्पीकरवर शिपायाचा आवाज आला. समारोपाला सगळे जमले होते, पाहुणे खुर्च्यांवर बसले होते, आभार मानायचे होते, शाळेच्या बाईंनी लवकर यावं, बाई कुठे असतील तिथून यावं. दोनदा झालं, तीनदा झालं. वर्षभर राबून तिने तो मेळा उभा केला होता, टाळ्या तिच्याच होत्या. मी तिच्या खांद्याला हात लावला.

"जा, बोलावतायत तुला."

तिने वर पाहिलं नाही. सुई दोऱ्याने भरून घेतली आणि दुसऱ्या ओळीचा पहिला डोळा अंगठ्याखाली धरला.

"थांबू दे त्यांना," ती म्हणाली. "एवढी ओळ होऊ दे."